चार फुटांचे अंतराळयान पडद्यावर खेळण्यासारखे दिसते: चूक नेमकी कुठे होत आहे?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार.

सांगलीतील आम्ही आठ जण पदरचे पैसे घालून एक मराठी विज्ञानपट करीत आहोत. कथेतील मालवाहू अंतराळयान १२० मीटर लांबीचे आहे आणि संपूर्ण चित्रपटात ते बाहेरून केवळ सात दृश्यांत दिसते. संगणकावर यान तयार करून देणाऱ्यांचे दर आमच्या आवाक्यात नव्हते, हे एक कारण झाले. परंतु खरे कारण असे, की हाताने घडवलेल्या वस्तूवर खरा प्रकाश पडल्यावर जे दिसते तेच आम्हाला पडद्यावर हवे आहे. म्हणून कुपवाडमध्ये पत्र्याची एक शेड भाड्याने घेऊन आम्ही १:१०० प्रमाणात, म्हणजे १२० सेंटीमीटर लांबीचे, यान बांधायला घेतले. त्यात तीन महिने गेले आहेत.

यानाचा कणा १८ मिलिमीटर प्लायवूडचा आहे. त्यावर ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप बसवून धड केले आणि बाजूचे पत्रे ३ मिलिमीटरच्या सनबोर्डमधून कापले. बाहेरच्या यंत्रसामग्रीसाठी आमच्या भागात जे मुबलक मिळते तेच वापरले, म्हणजे ठिबक सिंचनाचे सुटे भाग: ड्रिपर, जॉइनर, टी, ग्रोमेट, एंड कॅप, व्हेंचुरी. बागांतून काढून टाकलेले असे दोन पोती साहित्य आम्हाला विनामूल्य मिळाले. परदेशातील कारागीर पूर्वी रणगाड्यांच्या आणि युद्धनौकांच्या प्लास्टिक किटमधील भाग चिकटवून यानाचा पृष्ठभाग भरीत असत, हे आम्ही वाचले होते. त्या किटच्या किमती पाहता ठिबकचे भाग हा आम्हाला उत्तम पर्याय वाटला, आणि आकाराने ते खरोखरच सुंदर आहेत.

आता दोन अडचणी आल्या आहेत. पहिली अशी, की करड्या रंगाचे दोन हात मारून वाळवल्यानंतर ठिबकच्या भागांवरचा रंग नखाने सालीसारखा निघतो. सनबोर्ड आणि पाइप यांच्यावर मात्र तो घट्ट बसला आहे. काही भाग तर फेविक्विकने चिकटवूनही दुसऱ्या दिवशी हातात आले. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मोबाइलवर घेतलेल्या चाचणी दृश्यात यान अगदी शाळेच्या प्रदर्शनातील प्रतिकृतीसारखे दिसते. ते आम्ही ट्यूबलाइट आणि एका एलईडी दिव्याच्या उजेडात, हाताने कॅमेरा सरकवत घेतले होते. पावसाळ्यापूर्वी शेड रिकामी करून द्यायची आहे. सर्व भाग उखडून नव्याने सुरुवात करावी, की आहे त्यातूनच मार्ग निघेल?

द्राक्षबाग_तासगाव

आपल्या पहिल्या अडचणीबद्दल लिहितो, कारण हे साहित्य माझ्या रोजच्या हाताळणीतले आहे. ठिबकची काळी नळी पॉलिइथिलीनची असते आणि जोडणीचे बहुतेक लहान भाग पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. या दोन्ही प्लास्टिकचा पृष्ठभाग मेणासारखा असतो; द्रव त्यावर पसरत नाही, थेंब होऊन राहतो, आणि जे पसरत नाही ते धरतही नाही. शेतात हाच गुण उपयोगी पडतो, कारण त्यामुळे औषधे आणि खते नळीला सहजासहजी चिकटत नाहीत. रंगासाठी आणि गोंदासाठी मात्र तोच अवगुण ठरतो. पीव्हीसी आणि एबीएस ही प्लास्टिके तशी नाहीत, म्हणून आपल्या पाइपवर रंग बसला.

कोणता भाग कशाचा आहे हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. बादलीभर पाण्यात सर्व भाग टाकावेत आणि अडकलेली हवा निघून जाण्यासाठी ते नीट बुडवून सोडावेत. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगतील. पीव्हीसी, एबीएस आणि पॉलिस्टायरीन तळाशी जातील. तळाशी गेलेले भाग निर्धास्तपणे वापरावेत. तरंगणाऱ्या भागांसाठी, मोटारीचे बंपर रंगवणारे कारागीर जे पारदर्शक प्लास्टिक प्रायमर वापरतात ते आणावे. भाग साबणाने धुऊन, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, त्या प्रायमरचा अगदी पातळ हात द्यावा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच त्यावर रंग मारावा. ती वेळ टळून गेली, तर प्रायमरचा उपयोग राहत नाही. चिकटवण्याच्या बाबतीत गोंदावर विसंबू नये. प्रत्येक भागाला मागून बारीक छिद्र पाडून तार किंवा लहान स्क्रू घालावा.

ज्या आकाराचे वीस-तीस नग लागणार असतील, त्याचा सिलिकॉन रबराचा साचा करून रेझिनमध्ये नकला काढणे मला अधिक योग्य वाटते. सिलिकॉनला पॉलिइथिलीन चिकटत नाही, त्यामुळे मूळ भाग साच्यातून सहज सुटतो, आणि रेझिनच्या नकलेवर कोणताही रंग बसतो. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. फायबरच्या कामातील पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल, तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचा द्रव) आणि हार्डनर हे दोन द्रव थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, त्यातून स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा आणि त्यानंतरच हार्डनर घालावा. शेडचे दार उघडे ठेवून काम करावे.

अजिंक्यतारा_सातारा

मी गेली काही वर्षे साताऱ्यात लघुपटांसाठी छायालेखन करतो. आपण यान मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पृष्ठभागात सुधारणा करायच्या आहेत हे खरे. परंतु यान खेळण्यासारखे दिसण्याचे मुख्य कारण त्याच्या बांधणीत नाही, कॅमेरा आणि प्रकाश यांत आहे.

प्रेक्षकाचा डोळा वस्तूचा आकार ठरवताना सर्वांत आधी काय पाहतो, तर ती किती खोलीपर्यंत स्पष्ट आहे ते. खरे १२० मीटरचे यान दुरून पाहिले, तर नाकापासून शेपटापर्यंत सारखेच रेखीव दिसते. लहान वस्तू जवळून पाहिली, तर तिचा एक भाग स्पष्ट आणि बाकीचा धूसर दिसतो; आणि हा फरक प्रेक्षकाला शब्दांत सांगता आला नाही, तरी जाणवतो. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरची भिंग लावून एक मीटरवर फोकस केला आणि भिंगातून प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ २.८ ठेवले, तर साधारण ८५ सेंटीमीटरपासून १२० सेंटीमीटरपर्यंतचाच पट्टा स्पष्ट येतो. तेच छिद्र लहान करून एफ १६ केले, तर साधारण अर्ध्या मीटरपासून दहा मीटरच्याही पलीकडपर्यंत सर्व स्पष्ट येते. या बदलात प्रकाश बत्तीस पटींनी कमी होतो. ती तूट दिवे वाढवून भरून काढायची नसते, वेळ वाढवून काढायची असते. यान काही पळून जात नाही. एकेक चौकट सेकंदभर उघडी ठेवून स्वतंत्र छायाचित्राप्रमाणे घ्यावी आणि २४ चौकटींचा एक सेकंद करावा. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातील मुख्य यानाची मोठी प्रतिकृती ५४ फूट लांब होती, आणि एवढी मोठी असूनही तिचे चित्रण लहान छिद्र ठेवून, एकेका चौकटीला दीर्घ वेळ देऊनच केले गेले. आपले यान चार फुटांचे आहे, तेव्हा आपल्याला ही शिस्त अधिकच पाळावी लागेल.

दुसरा मुद्दा प्रकाशाचा. ट्यूबलाइट पूर्णपणे बंद करावी. अंतराळात सूर्य एकच असतो, सावल्या धारदार असतात आणि सावलीत भरणा करणारे आकाश नसते. आपला दिवा यानाच्या नाकापासून एक मीटरवर असेल, तर शेपटापर्यंतचे अंतर २.२ मीटर होते आणि तेथे प्रकाश जवळजवळ पाच पटींनी कमी पडतो. एवढा फरक दिसला, की दिवा जवळ आहे आणि वस्तू लहान आहे हे उघड होते. तोच दिवा सहा मीटरवर नेला, तर नाक आणि शेपूट यांच्यातील फरक दीडपटीच्या आत येतो. पृथ्वीजवळून सूर्याची थाळी साधारण अर्ध्या अंशाची दिसते. सहा मीटरवरून तेवढी थाळी मिळण्यासाठी दिव्याचे तोंड पाच-सहा सेंटीमीटरचेच हवे. म्हणून सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करून पसरवणारी पेटी) काढून ठेवावा, आणि काळ्या पुठ्ठ्याला तेवढे भोक पाडून तो दिव्यापुढे लावावा. पार्श्वभूमीला काळी मखमल लावावी. पार्श्वभूमी नंतर बदलता यावी म्हणून हिरवा पडदा लावण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. परंतु चार फुटांच्या करड्या यानावर त्या पडद्याची हिरवी झाक प्रत्येक कडेला चढते आणि ती काढता काढता कडाही जातात.

आता पृष्ठभागाकडे येतो. १:१०० प्रमाणात उभा माणूस १७ मिलिमीटरचा होतो, दोन मीटरचा दरवाजा दोन सेंटीमीटरचा आणि अर्ध्या मीटरची खिडकी पाच मिलिमीटरची. आपल्या खिडक्या यापेक्षा मोठ्या असतील, तर यान आपोआप लहान दिसेल. त्या मोजून पाहाव्यात. रंग पूर्णपणे मॅट हवा. एकाच करड्या रंगात थोडे काळे किंवा थोडे पांढरे मिसळून तीन-चार छटा कराव्यात आणि चिकटपट्टी लावून वेगवेगळे पत्रे वेगवेगळ्या छटांत रंगवावेत, मात्र दोन छटांतील फरक हातात धरून पाहताना जेमतेम कळेल एवढाच ठेवावा. सांध्यांच्या रेषा टोकदार पेन्सिलीने ओढाव्यात. तपशील सर्वत्र सारखा पसरू नये. काही ठिकाणी यंत्रांची दाटी असावी आणि तिच्या शेजारी मोकळा पत्रा असावा. मोकळ्या जागेमुळेच दाटी बारीक वाटते. तपशिलाचे बळ किती असते याचे एक उदाहरण देतो. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या आरंभी जे अवाढव्य यान डोक्यावरून जाते, त्याची प्रतिकृती सुमारे तीन फुटांची होती, आणि ते ज्या छोट्या यानाचा पाठलाग करते, त्याची प्रतिकृती सहा फुटांहून मोठी होती. लहान प्रतिकृती पडद्यावर मोठी दिसली, ती बारीक कामामुळे आणि कॅमेरा तिच्या पोटाजवळून नेल्यामुळे.

कृष्णाकाठ_सांगली

दोघांचेही मनापासून आभार. दिव्याचे अंतर आम्ही कधी मोजलेच नव्हते, आणि खिडक्या मोजल्या तेव्हा त्या नऊ मिलिमीटरच्या निघाल्या, म्हणजे जवळजवळ दुप्पट. एक शंका उरते. एकेक चौकट सुटी घ्यायची, तर प्रत्येक वेळी कॅमेरा अगदी सारख्या अंतराने सरकला पाहिजे. संगणकाने नियंत्रित होणारी यंत्रणा भाड्याने आणणे आम्हाला शक्य नाही. हाताने सरकवून पाहिले, तर दृश्य थरथरते.

देखावा_मिरज

गणेशोत्सवातील हलते देखावे करण्यात माझी तीसेक वर्षे गेली आहेत. चित्रपटाचे तंत्र मला ठाऊक नाही, परंतु एखादी वस्तू सावकाश आणि एकसारखी कशी हलवावी, हेच आमचे काम आहे.

हार्डवेअरच्या दुकानातून एम-८ मापाचा एक मीटर थ्रेडेड रॉड आणावा. त्याचा एक फेरा म्हणजे नट बरोबर सव्वा मिलिमीटर पुढे जातो. कॅमेऱ्याची फळी ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनलवर बसवावी आणि नट त्या फळीला जोडावा. हाताने फिरवायचे असेल, तर प्रत्येक चौकटीला एक फेरा द्यावा. १० सेकंदांच्या दृश्याला २४० चौकटी आणि २४० फेरे लागतील, म्हणजे कॅमेरा ३० सेंटीमीटर सरकेल. परंतु हाताने थांबत थांबत घेतलेल्या चौकटींत हालचालीची अस्पष्टता येत नाही आणि दृश्य टकटक पुढे सरकल्यासारखे दिसते, असे माझ्या मुलाने मला त्याच्या कॅमेऱ्यावर दाखवले. म्हणून मोटर लावणे चांगले. आम्ही देखाव्यांत जी २३० व्होल्टची सिंक्रोनस गिअर मोटर वापरतो, ती मिनिटाला ३० फेऱ्यांची घ्यावी. तिच्यावर रॉड मिनिटाला साडेसदतीस मिलिमीटर चालेल. कॅमेऱ्याला दर दोन सेकंदांनी एक चौकट आणि प्रत्येक चौकट एक सेकंद उघडी, असे लावून दिले, की २४० चौकटींना आठ मिनिटे लागतात आणि आठ मिनिटांत कॅमेरा तेच ३० सेंटीमीटर अंतर कापतो. दोन्ही हिशेब जुळतात.

गाडीच्या वायपरची मोटर स्वस्त मिळते, पण ती घेऊ नये. विजेचा दाब कमी-जास्त झाला, की तिचा वेग बदलतो. सिंक्रोनस मोटरचा वेग वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झवर ठरतो. रात्री शेतीपंप सुरू झाले, की आमच्याकडे दाब खाली येतो आणि दिवे मंदावतात, तरी त्या मोटरवर चालणारी मूर्ती आपल्या गतीनेच मान हलवत राहते, हे मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. दिव्यांना मात्र हा नियम लागू नाही. आठ मिनिटांत दाब दोनदा हलला, तर आपला सूर्य दोनदा मंदावेल. म्हणून सूर्याचा दिवा आणि खिडक्यांचे एलईडी दोन्ही बॅटरीवर चालवावेत.

खिडक्यांसाठी १२ व्होल्टवर तीन पांढरे एलईडी एका ओळीत जोडून ४७० ओहमचा रेझिस्टर घातला, की पाच मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो आणि एवढ्या लहान खिडकीला तो भरपूर होतो. पाइपला आतून आधी काळा रंग द्यावा आणि त्यावर पांढरा, नाहीतर प्लास्टिकमधूनच उजेड झिरपतो आणि यान कंदिलासारखे दिसते.

आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रॉड आणि नट यांच्यात किंचित ढिलाई असते. म्हणून आरंभाच्या खुणेवर नेहमी एकाच बाजूने यावे, थोडे मागे जाऊन मग पुढे. आणि थर्माकोलचा एखादा भाग वापरला असेल, तर त्यावर स्प्रेचा रंग मारताच तो विरघळेल. मिरजेत तंबोरे-सतारींना पॉलिश करणारे कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून वापरतात, तिचे तीन-चार पातळ हात आधी द्यावेत. स्पिरिटने थर्माकोल विरघळत नाही आणि लाखेचा पापुद्रा मध्ये राहतो.

अजिंक्यतारा_सातारा

देखावावाल्या काकांची योजना उत्तम आहे; सिंक्रोनस मोटरचा विचार माझ्या मनात आला नव्हता. एक सेकंद उघडे आणि एक सेकंद बंद, हे प्रमाण चित्रपटाच्या कॅमेऱ्यातील नेहमीच्या अर्ध्या शटरशी, म्हणजे प्रत्येक चौकटीच्या अर्ध्या वेळेपुरत्या उघडणाऱ्या पडद्याशी, जुळते, त्यामुळे अस्पष्टताही ओळखीची येईल. त्यात एवढीच भर घालतो, की तीच चाल त्याच खुणेपासून तीन वेळा चालवावी. पहिल्या वेळी फक्त सूर्य लावावा. दुसऱ्या वेळी सूर्य बंद करून फक्त खिडक्या आणि इंजिने पेटवावीत, कारण त्यांना लागणारा वेळ आणि छिद्र वेगळे असते. तिसऱ्या वेळी यान अंधारात ठेवून मागे उजळलेले पांढरे कापड लावावे, म्हणजे यानाची काळी आकृती मिळते आणि ताऱ्यांवर यान बसवताना कडा कापाव्या लागत नाहीत. या तिन्ही वेळा यानाला धक्का लागू नये, म्हणून कण्यातून मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने लोखंडी नळी काढून ती जमिनीवरच्या जड पायात रोवावी. अशी भोके चारही बाजूंना आत्ताच करून ठेवावीत आणि झाकणे रंगवून ठेवावीत. पुढच्या दृश्यात दुसरी बाजू लागतेच.

कृष्णाकाठ_सांगली

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. बादलीच्या परीक्षेत आमच्या भागांपैकी बहुतेक सर्व तरंगले. ते उतरवून घासले, प्लास्टिक प्रायमर दिला आणि तारेने पुन्हा बसवले. रंग आता नखाने निघत नाही. ड्रिपरचे मात्र साचे केले, कारण ते दीडशे लागत होते. खिडक्या बुजवून पाच मिलिमीटरच्या नव्या पाडल्या. मोटर आणि रॉड बसवून परवा रात्री पहिली चाल घेतली, तेव्हा पाचव्या मिनिटाच्या सुमारास दृश्य लुकलुकले, कारण सूर्याचा दिवा आम्ही त्या दिवशी घरगुती विजेवरच ठेवला होता. काल तो बॅटरीवर घेतला आणि आठ मिनिटे निर्विघ्न गेली. पडद्यावर यान जड दिसते. आमच्यापैकी एकाने विचारले, की हे आपलेच आहे का. तीन महिन्यांत प्रथमच सर्वांना आनंद झाला.

आता शेवटचे एक दृश्य उरते. त्यात यान चंद्रावर उतरते आणि पायाखालची धूळ उडते. हे याच प्रतिकृतीवर करता येईल का?

अजिंक्यतारा_सातारा

संपूर्ण यान घेऊन करू नये. खाली पडणाऱ्या गोष्टी लहान प्रमाणात फार लवकर पडतात, म्हणून कॅमेऱ्याचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाइतका वाढवावा लागतो. त्यात चंद्राचे गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश असल्यामुळे तोही सहाचा आकडा वर्गमुळाच्या आत जातो. १:१०० प्रमाणात ६०० चे वर्गमूळ साडेचोवीस येते, म्हणजे नेहमीच्या २४ च्या साडेचोवीस पट, सेकंदाला जवळजवळ ५९० चौकटी. तेवढा वेग देणारा कॅमेरा आपल्याकडे नसेल. त्याऐवजी यानाचा फक्त एक पाय आणि पोटाचा थोडा भाग १:१० प्रमाणात स्वतंत्र बांधावा. तेथे ६० चे वर्गमूळ पावणेआठच्या आसपास येते आणि १८६ चौकटी पुरतात. अनेक मोबाइल २४० चौकटींपर्यंत जातात.

धुळीसाठी आपल्याला फार लांब जावे लागणार नाही. चंद्रावरचे काळसर सपाट प्रदेश बेसॉल्ट खडकाचे आहेत आणि आपल्याकडचा काळा दगडही बेसॉल्टच आहे, त्यामुळे खडी क्रशरवरची करडी भुकटी रंगाने अगदी जवळ येते. मात्र ती आहे तशी वापरू नये. चंद्रावर हवा नसल्यामुळे धूळ ढगासारखी तरंगत नाही, प्रत्येक कण फेकल्यासारखा वर जाऊन कमान काढत खाली येतो. आपल्या शेडमध्ये हवा आहे आणि बारीक पीठ तिच्यात रेंगाळेल. म्हणून क्रशसँड दोन-तीन पाण्यांत धुऊन त्यातले पीठ काढून टाकावे, कडक उन्हात वाळवावी आणि चाळणीतून उरलेले जाडसर कण तेवढेच पायाखाली पसरावेत. कोरड्या भुकटीशी काम करताना सर्वांनी नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा, कारण दगडाची धूळ फुप्फुसांत गेली तर अपाय होतो.